कॉलेजात शिकवायला पुस्तकातला मजकूर वापरायचा तर परवानगी कुणाची घ्यायची?

तुम्ही विचारलंय की मराठीच्या वर्गाला एका संग्रहातल्या दोन कथा झेरॉक्स करून द्यायच्यात, पुढं त्याचीच पुस्तिका छापायचीय, तर परवानगी लागते का आणि कशी घ्यायची. मी कोल्हापुरात बरीच वर्षं मराठी शिकवतोय आणि पुस्तिकेची चूक आमच्याकडं एकदा झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झेरॉक्सची काळजी करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत आणि प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा याला सूट दिलीय. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये केस घातली होती, २०१६ ला दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की अमुक टक्के पानं असा हिशोब नाही, शिकवायला जेवढं गरजेचं आहे तेवढं घेता येतं. पण म्हणून बाजारात सहज मिळणारं अख्खं पुस्तक पोरांना झेरॉक्स करून देऊ नका, मराठी पुस्तकाची आवृत्ती खपायला किती वर्षं लागतात ते आपल्याला माहीत आहे.

पुस्तिका छापून विकली की गोष्ट वेगळी. आम्ही निवडक कवितांची पुस्तिका काढली, साठ रुपये किंमत लावली, महिन्याभरात एका प्रकाशकाचं पत्र आलं आणि सगळे गठ्ठे उचलून स्टोअररूममध्ये ठेवावे लागले. चूक आमचीच होती, कुणाला विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी नीट केलं. पुस्तकात सुरुवातीला जिथं आवृत्ती, मुद्रक वगैरे असतं तिथं 'सर्व हक्क' कुणाकडं ते बघा, बऱ्याचदा तिथं लेखकाच्या बायकोचं किंवा मुलाचं नाव असतं, मग प्रकाशकाला नुसतं विचारून भागत नाही. एका कवींच्या घरी मी स्वतः गेलो, ते वारलेले, काकूंनी चष्मा लावून आमचं पत्र दोनदा वाचलं, मग सोबत जोडलेली कविता वाचली आणि म्हणाल्या, "सर, तिसऱ्या कडव्यातली एक ओळ कुठं गेली वो?" टाइप करताना गाळलेली ओळ आमच्यातल्या कुणाला दिसली नव्हती. त्यांनी ती पेनानं लिहून दिली, खाली सही केली, पैसे नको म्हणाल्या, दोन प्रती तेवढ्या मागितल्या. तेव्हापासून कितीही घाई असली तरी मी विचारल्याशिवाय छापत नाही.

पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं द्या. कुठलं पुस्तक, कितवी आवृत्ती, पान किती ते किती, प्रती किती, किंमत किती, पीडीएफ काढणार का, हे सगळं त्यात यायला पाहिजे. छापायची परवानगी मिळाली म्हणजे यूट्यूबवर वाचून दाखवायची मिळाली असं धरू नका, ते वेगळं लिहून घ्या. उत्तर आलं नाही तर तो होकार नसतो, महिन्यानं परत फोन करा.

आणि आधी एक बघून घ्या, कदाचित परवानगी लागणारच नाही. लेखक वारल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. केशवसुत १९०५ ला गेले, त्यांची कविता खुशाल छापा, मात्र नंतरच्या संपादकानं लिहिलेल्या टिपा उचलू नका. आपले वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, म्हणजे त्यांच्या कथांना २०३६ संपेपर्यंत विचारावंच लागणार. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा, मूळ लेखक कितीही जुना असू दे.

तुमच्या त्या दोन कथा कुणाच्या आहेत ते कमेंटमध्ये लिहा, हक्क कुणाकडं असेल ते बघून सांगतो.