गोव्याच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) 'सिंधू साधना' या संशोधन जहाजावर सॅम्पलिंगसाठी पहिल्यांदाच जातेय. बोटीवर रुळायला काय करू?

बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घे. ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. मळमळलं तर केबिनमध्ये झोपून राहू नकोस. डेकवर ये, क्षितिजाकडे बघ, कोरडी बिस्किटं चघळत राहा. उपाशी पोट जास्त छळतं.

लॅपटॉप टेबलाला बांधूनच ठेव, जहाज डुललं की तो घसरणारच.

झोपेचं मात्र गणित बदलतं. स्टेशन, म्हणजे नमुने घ्यायला थांबायची जागा, रात्री तीनला आलं तरी सीटीडी (पाण्याचा खारेपणा, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र) वर येणार, आणि त्यावरच्या निस्किन बाटल्यांतून, म्हणजे खोलवरचं पाणी भरून आणणाऱ्या बाटल्यांतून, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं पाणी तू सगळ्यांत आधी, बुडबुडा न येऊ देता काढायचंस. त्यामुळे दोन स्टेशनांच्या मध्ये मिळेल तेव्हा ताणून दे. गप्पा नंतर!