फोर्कलिफ्ट डिझेलची की बॅटरीची? आधी अवर मीटर बघा

तुमचा अंबड एमआयडीसीत कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना आहे आणि जुनी तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट बदलायची आहे. जीएसटी सोडून नवी डिझेल 11 लाखांना, लिथियम बॅटरीची 16 लाखांना मिळतेय. त्यासाठी एफडी मोडावी का, असं विचारलंय.

बॅटरीची घ्या. एफडी मात्र मोडू नका.

हा हिशेब तासांवर ठरतो. तुमचं अवर मीटर, म्हणजे गाडी किती तास चालली ते मोजणारं मीटर, महिन्याला 125 तास दाखवतं. डिझेल हात राखून तासाला अडीच लिटर आणि भाव 90 रुपये धरला, तरी तासाला 225 रुपये जातात. बॅटरीच्या गाडीला चार्जरमधली तूट धरून 6 युनिट, 10 रुपये दराने 60. महिन्याला 20,625 रुपये वाचतात, म्हणजे जादाचे 5 लाख साधारण दोन वर्षांत वसूल. हीच गाडी महिन्याला 25 तास चालत असती तर वसुलीला दहा वर्षं लागली असती, आणि मी डिझेलच घ्या म्हटलं असतं.

जादाच्या 5 लाखांवर 11% दराने चार वर्षांचा हप्ता 12,900 च्या आसपास बसतो. तो बचतीतूनच निघतो. तुमची गिऱ्हाइकं 60-90 दिवसांनी पैसे देतात, पण कागद देणारी पेपर मिल पैशांसाठी तेवढं थांबत नाही. ती एफडी त्या मधल्या काळासाठी लागते. दोन्ही गाड्यांवरच्या 18% जीएसटीचं क्रेडिट मिळेल, पण डिझेलवरच्या करातला एक रुपयाही परत येत नाही. प्राप्तिकरात घसारा 15%, आर्थिक वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच.

डीलर स्वस्तातली लेड-ॲसिड बॅटरी पुढे करील. ती चार्ज व्हायला आठ तास, मग थंड व्हायला वेळ. शिवाय डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरायचं असतं. आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं. रोज लक्ष घालणारा माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

घाई क्लॅम्पच्या, म्हणजे कागदाचा रोल पकडणाऱ्या जोडणीच्या, बाबतीत नडते. पेपर रोल क्लॅम्प लावला की तीन टनी गाडी तीन टन उचलत नाही, कारण क्लॅम्पचं वजन पुढे येतं आणि भारही पुढे सरकतो. क्लॅम्पसकट उरणारी क्षमता कोटेशनवर लिहून घ्या. चार्जर तुमच्या वीजजोडणीच्या मंजूर भारात बसतो का, हे वायरमनकडून तपासा.

ऑर्डर देण्याआधी पूर्ण शिफ्टचा डेमो मागा, तुमच्याच रोलवर, क्लॅम्प लावून. सकाळची आणि संध्याकाळची बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवा. 30 च्या खाली गेली तर मोठी बॅटरी मागा आणि वरचा हिशेब नव्या किमतीने पुन्हा करा.