टपरीवर ‘चोर’ म्हटलं, तर भरपाई मागता येते का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या दूध संस्थेचे सचिव लिहितात: गेल्या २१ सप्टेंबरच्या वार्षिक सभेत एक सभासद उठून सगळ्यांसमोर म्हणाला, “ह्या सेक्रेटरीनं पेंडीची पोती इकून घर बांधलं. चोर हाय त्यो.” दिवाळीनंतर एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर तेच दोन वेळा. मी ज्या दोन दुकानांचे हिशेब लिहायचो, त्यातल्या एकानं वह्या परत नेल्या. महिन्याचे ३,५०० रुपये गेले. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेतली, पुढं काही नाही. सगळं तोंडी आहे. वीस लाखांचा दावा टाकता येईल का?

सचिवसाहेब, आधी तारीख बघा. तोंडी बदनामीच्या नुकसानभरपाईसाठी मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७६ प्रमाणे फक्त एक वर्ष मिळतं. सभेतल्या शब्दांसाठी ते वर्ष येत्या २१ सप्टेंबरला संपतंय. एनसी दिल्यानं किंवा नोटीस पाठवल्यानं ही मुदत थांबत नाही. “नोटिशीचं उत्तर येऊ दे, मग बघू” म्हणत वर्ष घालवलेली माणसं मी बघितली आहेत. तुमचं तसं व्हायला नको.

दावा तोंडी शब्दांवरही चालतो. जुन्या इंग्रजी कायद्यात तोंडी बदनामीला प्रत्यक्ष आर्थिक नुकसान दाखवावं लागे, मात्र गुन्ह्याचा आरोप किंवा धंद्याला धक्का लावणारे शब्द त्याला अपवाद होते. तुम्हाला चोर म्हटलंय, आणि तेही हिशेबाच्या कामावरून. त्यामुळं त्या जुन्या फूटपट्टीनंही तुमचा दावा उभा राहतो.

आता जरा नीट ऐका. सभेतलं बोलणं आणि टपरीवरचं बोलणं कोर्टात एका मापानं मोजलं जात नाही. वार्षिक सभेत हिशेबावर प्रश्न विचारणं हा सभासदाचा हक्क आहे. तिथं तो चुकीचं बोलला, तरी प्रामाणिक समजुतीनं बोलला असेल तर कायदा त्याला संरक्षण देतो. ते मोडायचं तर त्याच्या मनात आकस होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, की मे महिन्यात त्याचं दूध पाणी मिसळलेलं म्हणून नापास झालं आणि त्यानं तिथंच धमकी दिली. सचिवसाहेब, तुमच्या सगळ्या पत्रात हीच ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या दिवसाच्या संकलन रजिस्टरच्या पानाची प्रमाणित प्रत आजच काढून घ्या.

टपरीवर मात्र त्याला असं कुठलंच संरक्षण नाही. चहा पिणाऱ्यांचा आणि संस्थेच्या हिशेबाचा काय संबंध? म्हणून माझ्या मते दाव्याचा कणा टपरी असावी, आणि सभा तिच्या मागं उभी राहावी.

नोटिशीच्या मसुद्यात तुम्ही “माझ्यावर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप केले” असं लिहिलंय. ते खोडा. त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे हवेत, “इकून” ला “इकून” आणि “हाय” ला “हाय”. सोबत तारीख, अंदाजे वेळ आणि कुणीकुणी ऐकलं ती नावं लिहा. साक्षीदार स्वतःच्या कानांनी ऐकलेला पाहिजे. “मला अमक्यानं सांगितलं” म्हणणाऱ्याचा उपयोग नाही. टपरीवाला धंद्याच्या भीतीनं येणार नाही असं धरूनच चला आणि दुसरे दोन तरी शोधा. उलटतपासणीत टिकतील असे शोधा.

पुतण्यानं सभेत मोबाईलवर घेतलेली क्लिप चालेल, पण मूळ मोबाईल जपून ठेवा, क्लिप कापू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, क्लिप कुठल्या मोबाईलवर आणि कशी घेतली हे सांगणारं प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते वकील करून घेतील. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती टाकू नका. न ऐकलेल्यांच्या कानापर्यंत ते शब्द तुम्हीच कशाला पोचवता?

एक गोष्ट स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की उधारीवर दिलेल्या पेंडीच्या १८,००० रुपयांच्या पावत्यांवर सह्या राहिल्यात. आरोप खरा असल्याचं सिद्ध करणं त्याच्यावर आहे, आणि तो पहिलं बोट त्याच पावत्यांवर ठेवणार. आता मागची तारीख टाकून सह्या घेऊ नका, तो वेगळा गुन्हा होईल आणि दावाही बुडेल. ज्यांनी पेंड नेली, त्यांच्याकडून आजच्या तारखेनं लेखी कबुली घ्या आणि ती लेखापरीक्षकांना दाखवा.

वीस लाखांचं म्हणाल, तर मागितलेल्या रकमेप्रमाणं कोर्ट फी भरावी लागते, आणि आकडा मोठा लिहिला म्हणून तेवढे पैसे मिळत नाहीत. बुडालेले महिन्याचे ३,५०० हिशेबात धरा, त्यावर अब्रूसाठी पटेल अशी रक्कम मागा, आणि पुन्हा असं बोलू नये म्हणून मनाई हुकूमही मागा. तो दुकानदार “हेच कानावर आलं म्हणून वह्या नेल्या” असं शपथेवर सांगेल का, हे आधी विचारून घ्या. त्याच्या शब्दाशिवाय ते ३,५०० सिद्ध होणं अवघड आहे.

फौजदारी वाटही आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही असा असल्यानं पोलिसांनी एनसीवर थांबणं चूक नव्हतं. तक्रार तुम्हालाच थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात, पण तुमची मागणी भरपाईची आहे, तर आधी दिवाणी दावा टाका.

नोटीस स्पीड पोस्टानं पोचपावतीसह फक्त त्याच्या नावे पाठवा, उत्तराला पंधरा दिवस द्या. तो तडजोडीला आला तर घरी येऊन हात जोडल्यावर मिटवू नका. तो सभेत बोलला, तेव्हा माफीही सभेतच मागू दे आणि ती इतिवृत्तात लिहिली जाऊ दे.

वकिलाकडे जाताना इतिवृत्ताची प्रत, संकलन रजिस्टरचं पान, एनसीची प्रत, दुकानाच्या वह्या परत दिल्याची तारीख आणि तो मोबाईल न्या. ऑगस्ट संपायच्या आत दावा दाखल झालेला असू दे.