रोध 'शॉर्ट झाला' म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या अकरावीच्या क्लासमध्ये सर म्हणाले 'हा रोध (म्हणजे रेझिस्टर) शॉर्ट झालाय, सोडून द्या', तिने विचारलं जळला का, तर म्हणे नाही, एकदम चांगला आहे. मग शॉर्ट झाला म्हणजे काय, आणि त्याला लघुपथन म्हटलं तर चालेल का?

मुलीचा गोंधळ अगदी रास्त आहे, कारण आपण 'शॉर्ट' तीन वेगळ्या अर्थांनी बोलतो. घरात शॉर्ट झाला म्हणजे ठिणगी उडाली, फ्यूज गेला. रिपेअरिंगवाला 'कपॅसिटर शॉर्ट आहे' म्हणतो तेव्हा तो पार्टच आतून आरपार झालेला असतो, मीटर लावला की बीप वाजतो. (रेझिस्टर मात्र जळला की बहुतेक वेळा 'ओपन' जातो, म्हणजे आतून तुटतो, बरोबर उलटं.) आणि सर्किटच्या गणितात शॉर्ट म्हणजे रोधाच्या दोन टोकांना कोणीतरी सरळ वायर जोडली, बस. रोधाला काहीही झालेलं नाही. दोन्ही टोकं एकाच वायरवर आली, त्यांच्यातलं विभवांतर (व्होल्टेज) शून्य झालं आणि ओहमच्या नियमाने रोधातून जाणारी धारा (करंट) पण शून्य, सगळी धारा वायरमधून जाते, म्हणून सर म्हणतात सोडून द्या.

आकडे घेऊन बघा. 12 व्होल्टची बॅटरी, 4 ओहम आणि 2 ओहमचे रोध एकसर (एकामागोमाग) जोडलेत, धारा 2 अँपिअर. आता 4 ओहमवर वायर टाकली की परिपथात उरले फक्त 2 ओहम, धारा झाली 6 अँपिअर आणि त्या 2 ओहमच्या रोधात आधी 8 वॅट उष्णता होत होती ती थेट 72 वॅट! म्हणजे शॉर्ट झालेला थंड बसलाय आणि जळायची वेळ आली शेजारच्यावर. गणपतीच्या जुन्या बल्बच्या माळा आठवतात का, एक बल्ब गेला की बाबा प्लग काढून त्या जागच्या दोन वायरी सोलून, पिळून, टेप लावायचे, माळ परत लागायची पण असे तीनचार बल्ब कमी झाले की उरलेले जास्त झगझगीत पेटायचे आणि लवकर जायचे. ते हेच.

आता लघुपथन. चालतो, पुस्तकात अशाच धर्तीचे शब्द असतात, पण 'लघु' वाचून मुलांना वाटतं अंतर कमी असेल. लांबीचा इथे संबंधच नाही, वायर रोधाला दोन फुटांचा वळसा घालून आली तरी शॉर्टच, कारण तिचा रोध जवळपास शून्य. मला विचाराल तर शब्द कुठलाही घ्या, वाक्य बदला. 'रोध शॉर्ट झाला' ऐवजी 'रोधाची टोकं शॉर्ट झाली' म्हणा.

हा फरक समांतर जोडणीत लगेच दिसतो. 6 आणि 3 ओहम समांतर आहेत आणि वायर काढलीय 6 ओहमच्या शेजारून. मुलं फक्त 6 ओहम खोडतात आणि एकूण रोधाचं उत्तर 3 ओहम लिहितात. पण दोघांची टोकं तीच आहेत ना, त्यामुळे दोघंही गेले, उत्तर शून्य. तिला म्हणावं आधी वायरवरून पेन्सिल फिरव, पेन्सिल न उचलता जिथे जिथे पोचतेस ते सगळं एकच टोक.