सुट्या भागांचा भाव उतरत नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दिल्लीच्या त्या २०१० च्या लॅम्बोर्गिनी गॅलार्दोचे फोटो पाहिले आणि त्याखालचे "काका, नव्या गाडीच्या मानाने फुकटच आहे" हे तुझे वाक्यही वाचले. वर्धा रोडची जमीन विकून आलेला पैसा कुठे घालावा हे सांगणारा मी कोण? गाड्यांचे वेड मलाही आहे, तेव्हा ते सोड असे म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट सांगतो, आणि तू कंटाळलास तरी पुन्हा पुन्हा सांगेन: गाडीचा भाव उतरतो, सुट्या भागांचा उतरत नाही. उद्या तू गाडी निम्म्याहून कमी भावात घेतलीस, म्हणून तिचा क्लच तुला निम्म्या भावात कोणी देणार नाही.

ती इतकी स्वस्त का, हे विक्रेत्याला विचारलेस का? दिल्लीत १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, त्यानंतर तिथल्या मालकांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. गाडी इकडे नागपुरात आणून एमएच ३१ चा नंबर घ्यायचा म्हणजे एनओसी, फिटनेस आणि रोड टॅक्स हे सोपस्कार आलेच. ते होऊन जातील, माझी चिंता ती नाही.

माझी चिंता क्लचची आहे. क्लचचे पेडल नाही म्हणून तू या गाडीला ऑटोमॅटिक म्हणतोस, पण ती तशी नाही. तिच्या ई-गिअरमध्ये नेहमीच्या मॅन्युअल गाडीसारखाच एकेरी क्लच असतो. फक्त तो दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम पायाऐवजी हायड्रॉलिक पंप करतो. सीताबर्डीच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकवताना, किंवा धरमपेठेतल्या अपार्टमेंटच्या तळघरातून चढावर रिव्हर्स घेताना, क्लच अर्धवट लागलेल्या अवस्थेत घासत राहतो आणि तापतो. म्हणूनच एकाचा क्लच आठ-दहा हजार किलोमीटरांत संपतो आणि दुसऱ्याचा चाळीस हजार चालतो, आणि मीटरवरचा आकडा पाहून तुला त्यातले काहीच कळणार नाही. हे काम परदेशात साधारण पाच ते दहा हजार डॉलरांत होते. आपल्याकडे त्यावर सीमाशुल्क, जीएसटी आणि सुटा भाग मागवण्याचा खर्च चढतो. नागपुरात या कंपनीचे अधिकृत वर्कशॉप नाही, त्यामुळे गाडी फ्लॅटबेडवर चढवून मुंबईला न्यावी लागेल. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. तुझ्या स्वप्नात तू त्यावर गाडी चालवतोस, माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती ट्रकच्या पाठीवर आहे.

चालकाचे दार उघडलेस की मागून पंपाचा घूं असा आवाज येतो आणि काही सेकंदांत थांबतो, तो नीट ऐक. गाडी उभी असतानाही पंप घडीघडी सुरू होत असेल, तर दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर थकला आहे असे समज. तो तुलनेने स्वस्त भाग आहे, पण त्याकडे दुर्लक्ष केले की पंपावर ताण येतो, आणि पंप स्वस्त नाही.

तुझ्या यादीतली दुसरी गाडी फेरारी एफ४३०. जुन्या फेरारी ३६० चा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावाच लागे. एफ४३० ला चेन आहे, हे खरे. पण तिच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, तडे जातात आणि आतले तुकडे इंजिनात ओढले गेले, तर खर्च मॅनिफोल्डपुरता राहत नाही. मॅकलरेन एमपी४-१२सी तर मनातही आणू नकोस. तिच्या सस्पेन्शनमध्येही ॲक्युम्युलेटर आहेत आणि तेही जातात.

राहिले आपले ऊन. त्या काळच्या फेरारीतल्या मऊ लेप दिलेल्या बटनांचा लेप उष्णतेने वितळून चिकट होतो आणि बोटे काळी होतात. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात काय होईल ते तूच ठरव. टायरची नक्षी पाहून खूश होऊ नकोस, कडेवरचे चार आकडे वाच. "२३१७" म्हणजे टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. असे जुने टायर घालून समृद्धीवर १२० ने जाणार असशील, तर पुढचे पत्र मी तुझ्या वडिलांना लिहीन. सिरॅमिक ब्रेक असतील, तर चारही डिस्क बदलण्याचा खर्च परदेशातच पंधरा हजार डॉलरांच्या पुढे जातो. पुन्हा तेच सांगतो, सुट्या भागांचा भाव उतरत नाही.

मी खडूस आहे, असे सदर भागातल्या माझ्या गॅरेजबद्दल तू ऐकले असशीलच. "तात्पुरते चालू करून द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी परत पाठवले. त्यात दोन जुने मित्र दुरावले, आणि त्याची खंत मला आजही आहे. पण अर्धवट दुरुस्त करून ते यंत्र रस्त्यावर सोडले असते, तर गिऱ्हाईक टिकले असते आणि एखाद्याचे बरेवाईट झाले असते. त्यांनी गाडीची किंमत हिशेबात धरली होती, गाडी बाळगण्याची धरली नव्हती. माझे चुकले असे मला अजूनही वाटत नाही.

तेव्हा टोकन देऊ नकोस. आधी क्लच किती झिजला आहे त्याचा गाडीला लॅपटॉप जोडून काढलेला रिपोर्ट माग. तो आकडा रीसेट करता येतो, म्हणून मागच्या वेळी बदललेल्या क्लचचे बिलही माग. विक्रेत्याचा नसलेला, आपण पैसे मोजलेला तपासनीस गाडी लिफ्टवर चढवून पाहील, आणि इंजिन त्याच्यासमोर थंड असताना सुरू होईल, अशी अट घाल. गाडीच्या किमतीखेरीज निदान एका क्लचचा आणि चार टायरांचा पैसा बाजूला राहतो का, ते कागदावर मांड. विक्रेता यातल्या कशालाही "गरज काय?" म्हणाला, तर परतीचे तिकीट काढ. कागद हाती आले की मला पाठव. अलॉय व्हीलचे फोटो नकोत.

तुझा,
काका