बागायती जमिनीवर पिवळा झोन, बुजवलेला ओढा आणि ग्रीन झोनचा भाव : तीन प्रश्नांना एकत्र उत्तर

शेतकरी बंधू भगिनींनो नमस्कार. गेल्या काही दिवसांत आलेले तीन प्रश्न मुळात एकाच विषयाचे आहेत म्हणून उत्तर एकत्रच लिहितोय. एका दादांनी विचारलंय की नव्या प्रारूप विकास योजनेत (कुठल्या जमिनीचा काय वापर होणार ते ठरवणाऱ्या नकाशाच्या मसुद्यात) आमच्या बागायती गटावर पिवळा रंग आलाय, म्हणजे रहिवासी झोन, आता काय करायचं? दुसऱ्यांच्या शेजारी प्लॉटिंगवाल्याने भराव टाकून ओढा बुजवलाय आणि पाणी त्यांच्या सोयाबीनमध्ये शिरतंय. आणि एका ताईंनी विचारलंय की ग्रीन झोन, म्हणजे शेतीसाठीचा झोन, राहिला तर जमिनीला भाव येत नाही, मग हरकत घ्यायचीच कशाला?

दादा, तुमचा नकाशा अजून प्रारूप आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा 1966 चा आहे, त्याच्या कलम 26 प्रमाणे राजपत्रात नोटीस आल्यापासून 30 दिवसांत कोणीही लेखी हरकत देऊ शकतं. कोणीही म्हणजे कोणीही, जमीन तुमच्याच नावावर पाहिजे असं नाही. गाव प्रादेशिक योजनेत (एका शहराऐवजी मोठ्या भागासाठी केलेल्या योजनेत) असेल तर कलम वेगळं आणि मुदतही वेगळी, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता नोटिशीवरची तारीख स्वतः वाचा. एकदा का योजना मंजूर झाली की मग झोन बदलायला फेरबदलाची प्रक्रिया लागते, ती विकास योजनेत कलम 37 खाली आणि प्रादेशिक योजनेत कलम 20 खाली, आणि ती सुरू करणं तुमच्या हातात नसतं, म्हणून जे काय करायचं ते आत्ता.

आता जरा सविस्तर सांगतो कारण इथेच आपले बहुतेक लोक मागे पडतात. योजना करायच्या आधी कलम 25 खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करतात, म्हणजे आज कुठे शेती आहे, कुठे घरं, कुठे झाडी, कुठे रिकामं. या नकाशात तुमचा गट रिकामा किंवा पडीक दिसला तर पुढच्या टेबलावर त्याच्यावर पिवळा रंग भरायला कोणाचा हात अडखळणार? आणि हरकत घ्यायला जाल तेव्हा तुमचाच सातबारा काढून बघतात. 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची नोंद, आपणच मोबाईलवर करायची आहे, पण कितीतरी जणांचं असं होतं की शेतात ऊस उभा आणि गाव नमुना 12 (सातबाऱ्यातला पिकांचा भाग) कोरा, विहीर आहे पण नोंद नाही, आंब्याची झाडं मोठी झाली तरी फळझाडांचा रकाना रिकामा. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण माणूस वर्षभर राबतो आणि कागदावर जमीन पडीकच राहते. पीकविमा आणि अनुदान यासाठी नोंदणी करा असं आम्ही सांगतोच पण झोनसाठीही तोच पुरावा आहे हे डोक्यात ठेवा.

हरकतीत नुसतं "आमच्यावर अन्याय झाला" लिहून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, मागच्या काही वर्षांची पिकं, विहीर बोअर, ठिबक, माती परीक्षणाचा अहवाल असेल तर तो, तारखेसकट फोटो, हे सगळं जोडा. प्रत्येक खातेदाराने वेगळी हरकत द्या आणि सोबत ग्रामसभेचा ठराव घ्या, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि नियोजन समिती सुनावणीला बोलावते तेव्हा जा, गेलाच नाहीत तर तुमचं म्हणणं मांडणार कोण.

घरं नकोत असं मी अजिबात म्हणत नाही, गाव वाढणारच आणि पोरांना घरं लागणारच. पण खोल काळी माती घराखाली घालण्यात कोणाचंच भलं नाही, एक तर ती माती तयार व्हायला हजारो वर्षं लागलीत, आणि वर ती पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे जातात. म्हणून हरकतीत पर्यायही सुचवा, गावठाणाला लागून मुरमाड हलकी जमीन कुठे आहे ते गट नंबरासकट लिहा. फक्त गायरानावर बोट ठेवू नका, गावाच्या सामाईक जमिनी वाचवा असं सुप्रीम कोर्टाने 2011 च्या जगपाल सिंग निकालात स्पष्ट सांगितलंय.

ओढ्याचं म्हणाल तर थांबू नका. मामलेदार न्यायालय कायदा 1906, कलम 5, शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कोणी बेकायदा अडथळा केला तर तहसीलदार तो काढायला लावू शकतात, पण अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. गाव नकाशावर ओढा दिसत असेल तर ती प्रत आधी काढा, आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या.

आता ताईंचा प्रश्न. ताई, प्रश्न रास्त आहे आणि ज्याला विकायचंच आहे त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पिवळा रंग एका गटापुरता राहत नाही. आपल्याकडे बऱ्याच भागात खाली काळा पाषाण आहे, पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, वर काँक्रीट झालं की ते वाहून जातं आणि शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी खाली जातं, मग तोही विकायला काढतो. ग्रीन झोन म्हणजे काहीच करता येत नाही असंही नाही, गोठा, पोल्ट्री, फार्महाऊस यांना नियमात बसवून परवानगी मिळते. आणि डहाणू बघा. 1991 ला केंद्र सरकारने तो तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, तेव्हाच ठरलं की बागा, हिरवे पट्टे, आदिवासी भाग नकाशावर वेगळे दाखवायचे आणि तिथला वापर बदलायचा नाही, उद्योगांना अख्ख्या तालुक्यात जास्तीत जास्त 500 एकर. 2016 मध्ये डहाणू घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, बागाच राहिल्या नसत्या तर मानांकन कशाला मिळालं असतं?

आणि ताई, तुमच्या गावची मुदत संपत आली असेल तर कागद गोळा करत बसू नका, एका पानाची हरकत आधी आवक-जावकला द्या, सातबारा आणि बाकीचं सुनावणीत दाखवा.