तो मला आई कधी म्हणेल?

‘सावत्र’ हा शब्द माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सहसा कुणी उच्चारत नाही. “यांना पहिला मुलगा आहे,” असं म्हणून बायका विषयाला हात घालतात आणि अर्ध्या तासात तो प्रश्न येतोच: “मॅडम, तो मला आई कधी म्हणेल?” बावीस वर्षांत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय, की आता विचारणारीचा आवंढा गिळण्याचा क्षणही मला आधी कळतो.

पुढची गोष्ट दोन-तीन घरं एकत्र करून, खुणा पुसून सांगतेय.

ती स्वतः घटस्फोटित, पाच वर्षांची मुलगी पदरात. नवऱ्याचा मुलगा नऊ वर्षांचा, त्याची आई आजारपणात गेलेली. लग्नाला सात महिने झाले होते.

“त्रास काही देत नाही हो तो,” ती म्हणाली. “पण मला हाकच मारत नाही. काही हवं असलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो, मी वळून बघेपर्यंत. कणीक मळत असले तर पाच-पाच मिनिटं.”

तिने काय काय केलं नव्हतं? खोलीला रंग दिला, नवं दप्तर आणलं, नवा डबा आणला. आठवणीने कोमेजायला नको म्हणून त्याच्या आईचा फोटोही भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. डबा मात्र रोज अर्धा परत येत होता.

माझ्या भिंतीवर कुणीतरी भेट दिलेलं, लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून शाळाशाळांतून लावतात ते पत्र आहे. दुसऱ्या भेटीत ती ते वाचत उभी होती. “केवढा समजूतदार बाप!” ती म्हणाली. मला राहवलं नाही. ते पत्र लिंकनचं असल्याचा काही पुरावा नाही, हे मी तिला सांगितलं. “पण त्याच्या लहानपणाची खरी गोष्ट तुमच्या कामाची आहे,” म्हटलं, “बसा.”

1818 चा ऑक्टोबर. इंडियानातल्या जंगलात, लिटल पिजन क्रीकजवळ, एक ओंडक्यांचं घर. तिथल्या गाई रानातली एक विषारी वनस्पती खात आणि ते विष दुधात उतरे. अशा दुधाने लिंकनची आई नॅन्सी गेली, तेव्हा एब, म्हणजे छोटा अब्राहम लिंकन, नऊ वर्षांचा होता. बापाने शवपेटी केली आणि तिच्या लाकडी खुंट्या या पोराने तासल्या, असं सांगतात. नऊ वर्षांच्या हातांना तेवढंच काम मिळालं. रडायला कुणी बसवलं असेल असं वाटत नाही.

साधारण चौदा महिन्यांनी बाप केंटकीत गेला आणि सॅरा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न करून तिला घेऊन आला. तिची तीन मुलं होती. इथे एब, त्याची बहीण आणि आधीपासून राहणारा एक नातेवाईक तरुण, म्हणजे एका खोलीत आठ माणसं.

“मग तिने काय केलं?” तिने विचारलं. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याजणी इथेच पुढे सरकून बसतात.

फार काही नाही. मुलं फाटक्या कपड्यांत, मळलेली होती, त्यांना धुतलं, कपडे घातले. गाडीतून आणलेली अंथरुणं, टेबल, खुर्च्या मांडल्या. नवऱ्याच्या मागे लागून मातीच्या जमिनीवर फळ्या बसवून घेतल्या. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पोरगं वाचत बसलं की तो आपणहून थांबेपर्यंत त्याला उठवायचं नाही, हे तिने पाळलं आणि नवऱ्यालाही पाळायला लावलं. एबची सगळी शाळा गोळा केली तरी जेमतेम वर्षभराची होती. बाकीचं शिक्षण या न उठवण्यात झालं, असं माझं मत आहे.

“आणि तो तिला काय म्हणायचा?”

“पहिल्या दिवशी काय म्हणाला कुणास ठाऊक. पण 1851 मध्ये सावत्र भावाला लिहिलेल्या पत्रात तो जमिनीचा एक तुकडा विकू द्यायला तयार नाही. ‘आई जिवंत आहे तोवर तो तिच्यासाठी राहील,’ म्हणतो. ही ‘आई’ म्हणजे सॅरा. सख्खा बाप त्याच वर्षी जानेवारीत गेला, तेव्हा मात्र हा भेटायला गेला नव्हता, अंत्यविधीलाही नाही.”

ती बराच वेळ गप्प होती. अशा वेळी मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करत नाही. नवीन समुपदेशक इथेच घाई करतात.

मग मी एवढंच विचारलं, “घर लावताना जुनं काय काय आवरलंत?”

“भांडी. सगळी माळ्यावर टाकली. नवी घेतली ना मी.”

“चांगली नव्हती?”

“चांगली होती. पण सगळ्यांवर नाव घातलेलं होतं.” ती थांबली. “तिचं.”

“आणि त्याचा जुना डबा?”

“तोही.”

पंखा फिरत होता. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “मॅडम,” ती म्हणाली, “तो दारात येऊन उभा राहतो ना, तो माझी वाट बघत नसेल. मांडणीकडे बघत असेल.”

हे वाक्य मी तिला सुचवलेलं नव्हतं. पण त्या मांडणीपर्यंत तिला आणून सोडलं, एवढं श्रेय मी घेते. नातं बोलून जुळतं यावर माझा फार विश्वास नाही, रोजच्या वस्तूंतून आणि वेळापत्रकातून ते आपसूक जुळतं असं मी मानत आले. सॅराच्या गोष्टीत मला पटतं ते हेच. तिने पोरापुढे आईपणाचा अर्ज ठेवला नाही, आधी जमीन केली. आपल्याकडे उलटं होतं. पहिल्याच दिवशी बाप सांगतो, “आजपासून ही तुझी आई.” पोराला ऐकू येतं, आजपासून ती नाही. म्हणून बापांना मी बजावते, नव्या बायकोची वकिली करू नका. फोटो भिंतीवर परत लावा आणि हार त्या मुलाच्या हातून घाला. दोन्ही मुलांच्या डब्यात एकच भाजी, लाडही सारखे, ओरडाही सारखाच. आणि ‘आई’ म्हण असं कुणीही, अगदी आजीनेही, सांगायचं नाही. वर्ष लागेल, दोन लागतील. ‘मावशी’वरच थांबलं तरी काही बिघडत नाही.

सॅराने लिंकन गेल्यावर सांगितलं होतं, की त्याने तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. अध्यक्षपद हाती घ्यायला वॉशिंग्टनला निघण्यापूर्वी, 1861 च्या जानेवारीअखेर, तो मुद्दाम वाट वाकडी करून इलिनॉयमधल्या कोल्स काउंटीत तिला भेटायला गेला होता. एकावन्न वर्षांचा घोडा!

माझ्याकडची ती त्या शनिवारी माळ्यावर चढली. डबा चिंचेने घासला, नाव वर येईल असा ओट्यावर ठेवला, काही बोलली नाही. सोमवारी डबा रिकामा आला. मंगळवारी पुन्हा अर्धा. फोनवर ती हिरमुसली होती. मी म्हटलं, “मंगळवार सोडा, भाजी कुठली होती?” कारलं होतं.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. आवाज चढलेला. “मॅडम, हाक मारली त्याने! बाथरूममधून. मोठ्याने.”

“काय म्हणाला?”

“‘अगं, टॉवेल!’”